वाळवंटातली गणेश जयंती

सोमवारी सकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं, आणि माझी लेक आदल्या बुधवारपासून घरातले पंखे पुसत होती. तिचं हे लहानपणापासूनचं आहे. दहावीच्या निकालाच्या आदल्या दिवशी तिनं फडताळातले सगळे डबे काढून घासले होते. त्यामुळे ॲरिझोनातल्या त्या घरात ती स्टूल घेऊन पंख्याखाली उभी राहिली, की मी काही न विचारता कपडा ओला करून हातात द्यायची.

प्रकरण असं होतं. लेकीनं पुण्याला भूशास्त्रात एम.एस्सी. केलेली. दगडधोंड्यांचं शास्त्र. कॉलेजात असताना खांद्यावर पिशवी आणि पिशवीत हातोडी घेऊन घाटाघाटांतून हिंडायची. मग लग्न झालं, जावई इकडे कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत, म्हणून हीसुद्धा इकडे आली. नवऱ्याच्या नोकरीवर बायकोला जो व्हिसा मिळतो ना, त्यावर बायकोनं नोकरी करायची नाही असा कायदा. शिकायला चालतं. पण सुरुवातीला फीसाठी पैसे नव्हते, मग मूल झालं, मग मूल लहान होतं, असं करत करत सात वर्षं गेली. आणि त्या वर्षी तिनं कोणाला फारसं न सांगता टूसॉनच्या विद्यापीठात अर्ज केला, आणि त्यांनी चक्क घेतलं. पीएच.डी.ला. टूसॉन त्यांच्या घरापासून गाडीनं दोन तास. म्हणजे ऑगस्टपासून आठवड्यातल्या तीन रात्री हिनं तिथे राहायचं, आणि सहा वर्षांची नात इथे बापाजवळ.

जावई म्हणाले, "तू ठरव. माझं काही म्हणणं नाही."

आता मला सांगा, माझं काही म्हणणं नाही असं जो माणूस म्हणतो, त्याचं पुष्कळ म्हणणं असतं की नाही? पण ते बाहेर काढायचं कोणी? लेक विचारत नव्हती, जावई सांगत नव्हते, आणि पंखे लखलखत होते.

माझं मत कोणी विचारलं नाही हे बरंच झालं, कारण मला एक मत नव्हतं. सकाळी चहा पिताना वाटायचं, जावं हिनं. सात वर्षं पोळ्या लाटल्या, पुष्कळ झाल्या. आणि संध्याकाळी नात तिच्या मांडीवर डोकं ठेवून टीव्ही बघायला लागली की वाटायचं, कशाला ती ओढाताण?

तर अशात मी एक दिवस नातीबरोबर वाचनालयात गेले. ती पुस्तकं निवडत होती आणि मी भिंतीवरचे कागद वाचत होते. माझी शाळा सातवीत सुटली, पण अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. इंग्रजीही असंच दुकानांच्या पाट्या आणि औषधांच्या बाटल्या वाचून वाचून आलंय. एका कागदावर जांभळ्या दगडाचं चित्र होतं. घरी येऊन विचारलं.

"ते रत्नांचं प्रदर्शन, आई. टूसॉनला असतं दर फेब्रुवारीत. जगभरातून दगड येतात."

"मग तू किती वेळा गेलीस?"

"एकदाही नाही."

"दोन तासांवर जगभरातले दगड येतात आणि तू एकदाही गेली नाहीस?"

तिनं पंख्याचं पातं पुन्हा पुसायला घेतलं. जावई लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाले, "रविवारी जाऊ या ना. आईंना दाखवू. नंतर जरा वाळवंटही फिरू."

त्या रविवारी माघातली गणेश जयंती होती. माझा उपास. मी पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी केली, तिळाचे लाडू डब्यात भरले, पर्समध्ये हळदकुंकवाची जोडडबी टाकली आणि निघाले.

मला वाटलं होतं मोठा हॉल असेल, काचेची कपाटं, पोलीस. तिथे तर रस्त्याकडेची साधी मोटेलं! ओळीनं खोल्या, दारं सताड उघडी, खोल्यांमधले पलंग बाहेर काढून टाकलेले आणि त्या जागी टेबलं मांडून दगड. टीव्हीवर दगड. कपाटात इस्त्रीच्या फळीवर दगड. एका खोलीत मी सवयीनं न्हाणीघरात डोकावले, तर टबात पाणी भरून त्यात गोटे ठेवलेले, म्हणजे रंग नीट दिसावेत म्हणून! आणि रात्री हे दुकानदार झोपतात कुठे? मी एकाला विचारलंसुद्धा. त्यानं टेबलाखाली गुंडाळलेली वळकटी दाखवली. कोटभर मालाखाली झोपतो माणूस.

माणसापेक्षा उंच दगड मधोमध चिरून उभे केलेले, बाहेरून शेणाच्या गोवरीसारखे आणि आतून जांभळे. नात आत डोकं घालून ओरडायची, "हॅलो!" आणि मग मलाही घालायला लावायची. एका बाईकडे दगड झालेलं लाकूड होतं. साल तशीच, वर्षावर्षाची वळी तशीच, आणि उचलून बघावं तर वरवंट्याचं वजन. मी त्या बाईला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, दगड व्हायच्या आधी हे जळण म्हणून कसं असेल? ती खूप हसली. लेक मात्र हात पाठीमागे बांधून चालत होती. वस्तू फुटेल म्हणून मुलांना आपण हात मागे ठेवायला लावतो ना, तशी.

मग एका खोलीत मीच थांबले. टेबलावर पांढरे पिसाऱ्यासारखे खडे, मधेच हिरवट काचेचे तुकडे उगवल्यासारखे, आणि चिठ्ठीवर इंग्रजीत जळगाव लिहिलेलं. शेजारी नाशिक. त्याच्या शेजारी पुणे.

"अगं, हे तर आपल्याकडचे!" मी इतक्या मोठ्यानं बोलले की दुकानदार उठून उभा राहिला. चांगला धिप्पाड म्हातारा, पँटला खांद्यावरून पट्टे. "आमच्या माहेरी विहिरीला सुरुंग लावला की निघायचे हे. सिन्नरकडे. आम्ही पोरं खड्ड्याच्या काठावर बसून राहायचो. माझ्या आईनं तुळशीभोवती लावले होते सगळे. सांग त्याला, सांग ना."

लेकीनं सांगितलं. म्हाताऱ्यानं मला खुर्ची दिली. त्याला सगळं हवं होतं. किती खोलीवर निघायचे? वरच्या काळ्या दगडात की खालच्या? पोकळीत पाणी असायचं का? तो विचारायचा, लेक मला मराठीत विचारायची, मी सांगायची, ती त्याला सांगायची. असं दोनतीनदा झालं आणि मग माझ्या लक्षात आलं, की माझ्यापर्यंत प्रश्न येणं बंदच झालंय. लेक स्वतःच बोलत होती. मागचे हात पुढे आले होते. एक खडा उचलून तिनं खिडकीच्या उजेडात फिरवला, खालची काळी बाजू बघितली, नखानं जरा खरवडली, आणि म्हणाली की ही चिठ्ठी पुण्याची आहे, पण मला हा पुण्याकडचा वाटत नाही.

म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर चढवला. "मलाही शंका होती," तो म्हणाला. मग अगदी साधेपणानं विचारलं, "तू कुठे काम करतेस?"

"मी काम करत नाही. घरी असते."

तिनं खडा जागेवर ठेवला, थँक्यू म्हटलं आणि बाहेर आली. बाहेर येऊन खाली बसून तिनं नातीच्या बुटाची न सुटलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग म्हणाली, "मी हिला डायनोसॉरची हाडं दाखवून आणते," आणि दोघी पार पलीकडच्या इमारतीकडे गेल्या.

मी आणि जावई राहिलो. चालता चालता ते म्हणाले, "आई, तुम्हाला पण वाटत असेल ना, मी अडवतोय तिला?"

"तुम्ही कुठे काय म्हणताय?"

"तेच ना. म्हटलं तर अडवल्यासारखं होतं." "मी अडवत नाहीये. पोळ्या काय, फ्रोझन मिळतात. पण मुलगी रात्री दचकून उठते ना, तेव्हा ती मला बघून जास्त रडते. मी दारात दिसलो की म्हणते, नॉट यू. आता आठवड्यातल्या तीन रात्री नॉट यू ऐकायचं म्हणजे..."

एवढा मोठा माणूस, हाताखाली पाचदहा इंजिनिअर. "हे तिला सांगा की," मी म्हटलं.

"सांगितलं की ती नाही म्हणून टाकेल. मला ते नकोय."

आणि तेवढ्यात मला गणपती दिसला.

खोटं नाही सांगत. एका टेबलाच्या कोपऱ्यात हातभर अंतरावर बसलेला. गुलाबी, आपण शेंदूर जरा फिका करावा तसा रंग. चौकोनी चौकोनी खड्यांचा ढीग, पण खाली फुगीर पोट, वर डोकं, आणि डोक्यावरून डावीकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत आलेली सोंड. कोणी घडवलेला नाही. आणि दिवस कोणता, तर गणेश जयंती. मी हात जोडले. जावयांनी डोकं वाकडं करून बघितलं आणि म्हणाले, "आहे बुवा. सोंड आहे." चिठ्ठीवर एक इंग्रजी शब्द होता, तो त्यांनाही माहीत नव्हता. विकणारा काहीबाही भराभर सांगत होता. मी म्हटलं, बांधा. त्यानं टिश्यू पेपरात गुंडाळून वर दोन प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या. मला त्याचं फार कौतुक वाटलं. परक्या धर्माचा माणूस, पण देवाला किती जपून बांधतोय!

दुपार व्हायला आली होती. फराळाच्या आधी पूजा व्हायला हवी. गाडी डोंगरापलीकडे गेली आणि मोटेलं, दुकानं, सगळं संपलं. तिथे ते मोठे निवडुंग सुरू होतात. आपल्याकडे निवडुंग म्हणजे बांधावरचा, गुडघ्याएवढा. हे दुमजली. दिसेल तिथपर्यंत टेकड्यांवर उभे, कोणाला एक हात, कोणाला चार, कोणाला एकही नाही. मी विचारलं, बिनहातांचे का? लेक म्हणाली, "ते तरुण आहेत. पहिला हात फुटायलाच माणसाचं आयुष्य जातं." मग मी प्रत्येकाचे हात बघत बसले आणि वय लावत बसले.

एका ठिकाणी बाक आणि वर छप्पर होतं, तिथे आम्ही उतरलो. लेक हात धुवायला नळाकडे गेली. मी डब्याचं स्टीलचं झाकण घेतलं, त्यात गणपती ठेवला. दूर्वा नव्हत्या, नळाच्या ओलीला चार हिरवी पाती होती ती घेतली. नातीला शेजारी बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि सांगितलं, बारीक धार सोडायची, थांबायचं नाही. मी डोळे मिटून स्तोत्र म्हणायला लागले. घरी आम्ही असाच अभिषेक करतो, स्तोत्र संपेपर्यंत संततधार.

अर्ध्यावर आले असेन, तर नात म्हणाली, "आजी, इट्स मेल्टिंग."

पूजेत बोलायचं नाही म्हणून मी हातानंच गप्प केलं.

"आजी, हिज ट्रंक!"

डोळे उघडले. खड्यांच्या कडा गुळगुळीत झालेल्या, कान कुठले आणि मुकुट कुठला कळेना, आणि सोंड दोऱ्यासारखी बारीक. माझ्या देखत ती गळून झाकणातल्या पाण्यात पडली.

मला काय झालं सांगू. गणेश जयंतीच्या दिवशी, माझ्या हातानं, गणपतीची सोंड गेली! आणि उद्या सोमवार. भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत, आणि ही तर पूजेतच भंगली. मी रडायलाच लागले. जावई घाबरून "आई, आई" करायला लागले आणि नातीच्या हातून त्यांनी बाटली काढून घेतली, जणू तिचाच दोष. लेक धावत आली.

"काय झालं?"

"अपशकुन झाला गं. सोंड गेली. आजच्या दिवशी, आणि तुझं उद्या..."

तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग झाकणाकडे. वाकली. झाकणातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि ते बोट सरळ तोंडात घातलं.

"अगं! तीर्थ तरी नीट..." मी ओरडले.

"आई," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा कसातरीच व्हायला लागला, "मीठ आहे हे."

"काय?"

"मीठ. खायचं मीठ. तू मिठाच्या गणपतीला आंघोळ घातलीस."

आणि ती हसायला लागली. बाकावर बसली, पोट धरलं, डोळ्यांतून पाणी. मी त्या घरात चार महिने होते, पण तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. जावई तिच्याकडे बघतच राहिले, मग तेही हसले. मला मात्र हसू येईना. मी म्हटलं, हसताय काय, अपशकुन तो अपशकुन.

"अपशकुन कसला? दहा दिवसांनी आपण स्वतः नेऊन बुडवतो ना? तू अर्ध्या तासात विसर्जन केलंस. भाद्रपदातलं माघात केलंस, एवढंच."

"गणपती वेंट होम?" नातीनं विचारलं.

"हो, गेला गावाला," लेक म्हणाली.

मी डोळे पुसले. झाकणातलं पाणी मी तिथल्या निवडुंगाच्या मुळाशी ओतायला निघाले, तर तिनं हात धरला. "मुळाशी नको, मरेल तो. मीठ आहे." मग तिनं ते पाणी रिकाम्या बाटलीत भरलं आणि उरलेला गुलाबी गोळा टिश्यूनं टिपून कोरडा केला.

मी विचारलं, "पण मीठ गुलाबी कसं?"

बस. एवढा एकच प्रश्न विचारला. तिनं खिचडी खाता खाता सांगायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियात एक तळं आहे, पाणी आटून गेलेलं, पण जमिनीखाली खारट चिखल आहे. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, इतकं मीठ असतं की दुसरं काही तिथे जगत नाही, पण हे खुशाल जगतात, आणि त्यांचा रंग गुलाबी. मीठ बनताना त्यांना पोटात घेऊन बनतं. मी विचारलं, मग आपण गणपतीबरोबर जीवही बुडवले का? ती म्हणाली, ते कसे मरतात, कसे टिकतात, तेच लोक शोधतायत. मी विचारलं, तू तेच शिकणार का? म्हणाली, "नाही, माझं वेगळं. चला, दाखवते."

आणि खिचडीची डिश तशीच ठेवून उठली. नातीला पुढे घातलं आणि बाकांच्या मागच्या उतारावरून खाली निघाली. खाली नदी होती, म्हणजे वाळूची नदी, पाण्याचा थेंब नाही. दोन्ही काठ मात्र चांगले उभे कापलेले. लेक एका काठाशी थांबली आणि तिनं हात लावून दाखवलं. हा जाड वाळूचा पट्टा म्हणजे मोठा पूर. हा बारीक मातीचा म्हणजे पाणी साचून राहिलं होतं, शांत. हे मधेच गोटे आलेत, म्हणजे वरून काहीतरी कोसळलं. पाणी नसलेल्या नदीची ती पानं वाचत चालली होती. कुठे पाणी कधी किती आलं, ते असं काठावरून ओळखायचं, हेच तिला करायचं होतं. काही दगडांवर काळी चकचकीत पुटं होती. ती म्हणाली, हे पुट चढायला हजारो वर्षं लागतात, त्यामुळे दगड शेवटचा कधी हलला ते कळतं.

"म्हणजे हा काळा दगड हजारो वर्षं जागचा हलला नाही?" जावयांनी विचारलं.

"नाही."

"हे मला तू कधीच सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस," लेक म्हणाली. रागानं नाही. तेही रागावले नाहीत. त्यांनी पुढचा दगड दाखवून विचारलं, "आणि हा?"

मी जरा मागे राहिले होते. काठाच्या वर सपाट खडक होता, त्यावर टेकले, आणि बघते तर खडकात गोल भोक. शेजारी आणखी एक. आत वाळू साचलेली. मी वाळू उपसली, हात आत घातला, कोपरापर्यंत गेला. आतून इतकं गुळगुळीत, की मला ओळखायला वेळ लागला नाही. मी हाक मारली, "अगं, इथे उखळ आहे!"

सगळे वर आले. लेक म्हणाली, हो, उखळच. इथल्या मूळच्या लोकांच्या बायका झाडांच्या शेंगा कुटायच्या यात. शेकडो वर्षांपूर्वी. मी विचारलं, एकाच बाईनं एवढं खोल केलं असेल? ती म्हणाली, छे, कितीतरी पिढ्यांनी. दोन उखळं अशी होती, की दोघी समोरासमोर बसल्या तर बोलता येईल. मी एकाशी बसले आणि नातीला दुसऱ्याशी बसवलं. त्या काय बोलत असतील याचा मी विचार करत होते, पण नातीला ते काही महत्त्वाचं वाटलं नाही. ती वाळू कुटायला लागली. मला घरी न्यायला एक काळा गोटा हवा होता, पण जावई म्हणाले, "आई, प्लीज. पार्कातला दगड उचलायला बंदी आहे. ग्रीन कार्डचं काम चालू आहे." मग राहिलं.

उन्हं उतरली तेव्हा निघालो. नात माझ्या मांडीवर झोपली. घराकडे जाणारा फिनिक्सचा हायवे लागला आणि जावई एकदम म्हणाले, "मंगळवारी माझा इंडियाचा कॉल असतो. रात्री."

लेक म्हणाली, "तो घरून घे."

"घरूनच घेतो. पण तेव्हाच ती उठली तर?"

"कोण?"

"अगं, ती. रात्री उठते ना. मला बघून रडते." त्यांचे डोळे रस्त्यावर होते. "मला बघून जास्त रडते."

लेक त्यांच्याकडे वळून बघायला लागली. "हे तू आधी का नाही बोललास?"

"आता बोललो ना."

"मला वाटलं, तुझं काही म्हणणंच नाहीये. माझं असणं-नसणं सारखंच."

"वेडी आहेस का तू?"

जरा वेळानं ती म्हणाली, "मंगळवारी मी राहणारच नाही तिथे. सोमवार, बुधवार, गुरुवार राहीन. मंगळवारी घरी येईन."

"रोज दोन तास ड्राइव्ह?"

"रोज नाही. मंगळवारीच."

"सोमवारी मग मी लवकर निघतो ऑफिसातून. बुधवारी स्विमिंग आहे तिचं."

"बुधवारचं स्विमिंग शनिवारी टाक."

"शनिवारी मराठी शाळा असते."

अशी दोघं वारांवरून भांडायला लागली. खरंच भांडायला, आवाज चढवून. आणि मी मागे बसून ऐकताना माझ्या लक्षात आलं, की हो की नाही हा प्रश्न कुठेतरी मागेच राहिला. तो कोणी विचारलाही नाही. आता फक्त बुधवार अडला होता.

"बुधवार मला द्या," मी म्हटलं. "आणि गुरुवारही."

"आई, तू एप्रिलात परत जाणार. हे ऑगस्टपासून आहे."

"मग ऑगस्टात येते."

लेकीनं मान मागे वळवली. "आणि गौरी?"

हे मात्र तिनं बरोबर विचारलं. लग्न होऊन आल्यापासून आमच्या घरच्या गौरी माझ्याशिवाय बसल्या नव्हत्या. मग म्हटलं, "थोरली सून बसवेल. तिला साड्या माझ्यापेक्षा छान नेसवता येतात."

"आणि बाबा? बाबांना कोण सांगणार तू परत येतेयस ते?"

तिचे बाबा विमानात बसत नाहीत, आणि मी बसलेलीही त्यांना फारशी आवडत नाही. सहा महिन्यांसाठी त्यांना राजी करताना माझे काय हाल झाले होते ते लेकीला ठाऊक होतं.

"आधी तू तुझं कळव," मी म्हटलं. "मग मी माझं कळवते."

सोमवारी सकाळी तिनं कळवलं. मला मात्र फोन करायचा धीर व्हायला पुढचा आठवडा उजाडला.